ठोकळ्यावर काही ठेवायचं नाही

ठोकळेवाले कुणाच्याही घरी गेले की पाणी प्यायचे आणि रिकामा पेला हातात धरून बसायचे. खाली ठेवायचे नाहीत. समोर टिपॉय असला तरी नाही. घरातल्या बाईला वाटायचं, अजून पाणी हवं असेल. ती तांब्या घेऊन यायची. ते नको म्हणायचे आणि पेला तसाच धरून बोलत राहायचे. शेवटी घरातलं कुणीतरी ओशाळून उठायचं, कुठेतरी जागा करायचं आणि म्हणायचं, "इथे ठेवा ना." मग ते त्या जागेकडे बघायचे. पेपर सरकवला, औषधाच्या बाटल्या सरकवल्या की पोराचं दप्तर खाली ढकललं, हे त्यांना बघायचं असायचं.

एकदा एका गिऱ्हाइकाकडून परत येताना रिक्षात मी त्यांना विचारलं, "हा काय वेडेपणा? त्या बाईला किती वेळ उभं ठेवलंत."

ते म्हणाले, "सुमनबाई, घर दाखवताना माणसं खोटं दाखवतात. पेल्याला जागा करताना खोटं सुचत नाही."

त्यांचं खरं नाव गाळ्याच्या पाटीवर होतं, पण ते कुणी घेत नसे. डोंबिवलीच्या एमआयडीसीत त्यांचा फर्निचरचा गाळा होता. मुंबईला कलेच्या कॉलेजात शिकलेले, मोठ्या आर्किटेक्टकडे नोकरी केलेले. ती सोडून इथे आले. मी खडवलीच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. मी गाळ्यात लागले ती भुसा झाडायला. पुढे एक घासणारा माणूस गावी गेला तो आलाच नाही, म्हणून त्यांनी माझ्या हातात पॉलिश पेपर दिला. माझी निम्मी हयात तिथे लाकूड घासण्यात गेली.

त्यांचं फर्निचर बघून लोक गप्प व्हायचे. नक्षी नाही, कंगोरे नाहीत, सोनेरी पट्टी नाही. चार सरळ पाय आणि वर एक सरळ फळी. कल्याणचे एक गिऱ्हाईक नवीन कपाटाला हात लावून म्हणाले, "छान आहे. पूर्ण कधी होणार?" ठोकळेवाले म्हणाले, "पूर्ण झालंय. तुम्हाला सवय व्हायची आहे." ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत. मलाही ते फर्निचर आवडायचं असं नाही. मला एवढंच माहीत की त्यांच्या कुठल्याही कपाटाखाली झाडू सरळ आत जायचा. दुसऱ्यांच्या कपाटाखाली हात घालून कचरा ओढावा लागतो.

पण नाव पडलं ते ठोकळ्यांमुळे. घरात एखादी शोभेची वस्तू उंचावर ठेवायला उभा चौकोनी स्टँड लागतो, तो ते करायचे. शिकलेले लोक त्याला पेडेस्टल म्हणतात. आम्ही ठोकळा म्हणायचो. त्यांची पद्धत अशी की गिऱ्हाइकाला आधी खरा ठोकळा द्यायचा नाही. साध्या प्लायचा एक कच्चा ठोकळा करायचा, त्याच्या घरी नेऊन ठेवायचा आणि सांगायचं, "ह्याच्यावर काही ठेवू नका. मी थोड्या दिवसांनी येतो." मग मुद्दाम न सांगता जायचे. ठोकळा रिकामा कधीच नसायचा. लोकांना मोकळी जागा दिसली की हात थांबत नाही. जे ठेवलेलं दिसेल त्याच्या मापाने ते खरा ठोकळा करायचे.

डोंबिवली पूर्वेच्या एका डॉक्टरीणबाईंना पितळी नटराजासाठी ठोकळा हवा होता. महिन्याने आम्ही गेलो. कच्च्या ठोकळ्यावर सासऱ्यांच्या दातांची वाटी होती, शेजारी त्यांचा चष्मा. ठोकळेवाल्यांनी ठोकळा केला तो म्हाताऱ्याच्या खुर्चीला लागून, बुटका, वर वाटी बसेल एवढी खळगी असलेला. डॉक्टरीणबाई चिडल्या. "अहो, मी नटराज सांगितला होता! हे काय केलंत?"

"नटराज कुठेही उभा राहील हो. आजोबांचे दात कुठे उभे राहणार?"

म्हातारा खुर्चीत बसून हसत होता. तोंडात दात नव्हते. बाईंनी ठोकळा ठेवून घेतला, पण आम्हाला चहा विचारला नाही.

माझं आणि त्यांचं एकदाच वाजलं. ठाण्याच्या एका जोडप्याला बुद्धाच्या मूर्तीसाठी ठोकळा पाहिजे होता. आम्ही बौद्ध. मी त्यांच्या घरी गेले तर मूर्ती दाराशी, चपलांच्या रॅकला लागून ठेवलेली. मी त्या मुलीला विचारलं, "इथे का ठेवलाय?" ती म्हणाली, "आंटी, एन्ट्रन्सला बुद्धा असला ना की एकदम पॉझिटिव्ह वाटतं." मी गाळ्यात येऊन सांगितलं, "हा ठोकळा मी घासणार नाही. दुसऱ्या कुणाला द्या."

"तुम्ही कामाला आहात की मालक आहात?" ते म्हणाले.

"कामाला आहे. पण हा घासणार नाही."

ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग एकटेच ठाण्याला जाऊन आले. आले ते सरळ माझ्यापुढे उभे राहिले. "कच्च्या ठोकळ्यावर त्या मुलाचं हेल्मेट आहे. आपण हेल्मेटचा करू. बुद्धाला मी त्यांना आतल्या खोलीत खिडकीशी ठेवायला सांगितलं. त्या मुलीला म्हटलं, तिथे उजेड जास्त पॉझिटिव्ह आहे." मी हसले नाही. पेपर उचलला आणि हेल्मेटचा ठोकळा घासायला बसले.

काचेच्या शोकेसवर त्यांचा फार राग. "शोकेसमध्ये गेलेली वस्तू कुणी बघत नाही," म्हणायचे. माझ्या कोपर स्टेशनजवळच्या खोलीत शोकेस आहे. लग्नात आलेले स्टीलचे डबे, माझ्या मुलाला, मिलिंदला, शाळेत मिळालेला कप, प्लास्टिकचा ताजमहाल. ते आमच्याकडे आले की शोकेसला पाठ करून बसायचे. एकदा तसंच बसून त्यांनी विचारलं, "सुमनबाई, ताजमहालाला मिनार किती आहेत?"

"चार. का?"

"तुमच्या ताजमहालाला."

मी उठून बघितलं. तीनच होते. चौथा कधी तुटला आणि कुठे गेला ते मला अजून माहीत नाही. तरी शोकेस मी काढली नाही. ती माझी आहे.

आमचे हे आंबिवलीला कंपनीत होते. रिटायर झाल्यावर घरीच असायचे. उन्हाळ्यात एका सकाळी चहा प्यायले, कॉटवर आडवे झाले आणि गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, लोक जेवून गेले. बायका म्हणत होत्या, रडून घे, मोकळं होशील. मला रडू येत नव्हतं. आत काही भरून आलंय असंही वाटत नव्हतं. हात बराच वेळ अंगाखाली राहिला की बधीर होतो, तसं होतं. ते सगळ्या अंगाला होतं आणि ते गेलं नाही. फोटो फ्रेम करून आणला तो मी पिशवीतून काढला नाही.

मी गाळ्यात परत गेले. ठोकळेवाल्यांनी खुर्चीचा एक पाय आणून माझ्यापुढे ठेवला. मी तो संध्याकाळपर्यंत घासला. त्याला एवढं घासायची गरज नव्हती.

त्याच पावसाळ्यात मी घरात पडले. कॉटवरून उठून ओट्याकडे जाताना मधेच पाय वळला. मनगट मोडलं. गुडघे आधीच गेलेले होते. काम सुटलं. मिलिंद ठाण्याला घोडबंदर रोडला राहतो, मोठ्या बिल्डिंगमध्ये. तो धावत आला आणि तेव्हापासून त्याचं एकच सुरू झालं. "आई, ऐक ना माझं. खोली भाड्याने देऊन टाकू. तू आमच्याकडे चल. इथे एकटी पडलीस तर कुणाला कळणार पण नाही."

सून वाईट नाही. पण तिच्या घरी दार बंद केलं की जग संपतं. तिथे मला कुणी काम करू देणार नाही. कोपरची खोली ह्यांनी आणि मी घेतलेली. दार उघडं टाकून बसलं की पॅसेजमधून येणारं-जाणारं बोलतं. मला तिथेच राहायचं होतं आणि तिथेच मरायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं. पण कॉटपासून ओट्यापर्यंत धड चालता येत नसेल तर मुलाला कुठल्या तोंडाने नाही म्हणायचं?

प्लास्टर निघाल्यावर ठोकळेवाले आले. मागून दोन माणसं कच्चा ठोकळा घेऊन. खिडकीखाली ठेवला.

मी म्हटलं, "हे काय आणलंत? मला शोभेचं काही नको."

"शोभेचं कोण म्हणालं? कच्चा आहे. राहू दे."

"त्यावर ठेवायला माझ्याकडे काही नाही."

"मग नका ठेवू."

मी खरंच काही ठेवलं नाही. ठेवावंसं वाटलं नाही. घरात कुठलीच वस्तू इकडची तिकडे करावीशी वाटत नव्हती. ठोकळेवाले अधूनमधून यायचे, पाणी प्यायचे, पेला धरून बसायचे आणि ठोकळ्याकडे बघायचे. मी म्हणायचे, "काय बघताय? मोकळाच आहे." ते म्हणायचे, "हो, दिसतंय." तेव्हा त्यांना दिसणंही कमी झालं होतं. काचबिंदू होता. डोळ्यात औषध घालून यायचे आणि वस्तूंच्या अगदी जवळ जाऊन बघायचे.

एकदा ते उठून ठोकळ्याजवळ गेले. त्याच्या वरच्या एका कोपऱ्यावर त्यांनी बोट फिरवलं, मग बोटाचा वास घेतला. म्हणाले, "हा खिडकीखाली होता ना?"

मी बघितलं. ठोकळा खोलीच्या मधे होता, कॉट आणि ओटा यांच्यात.

"मी नाही हलवला," मी म्हटलं.

"मग चालत आला असेल." त्यांनी माणसं बोलावली आणि ठोकळा उचलून नेला. का नेला, परत आणणार का, काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉटवरून उठले आणि हात पुढे टाकला. हाताखाली काही नव्हतं. मी धपकन परत कॉटवर बसले. बराच वेळ तशीच बसून राहिले. मग भिंत धरधरून ओट्यापर्यंत गेले. तेव्हा मला कळलं की इतके दिवस मी रोज त्यालाच धरून उठत होते. लागेल तसा त्याला खिडकीपासून ओढत आणलाही मीच होता. मला पत्ता नव्हता. ठोकळेवाल्यांना ते कोपऱ्यावरच्या माझ्या हाताच्या घामाच्या वासावरून कळलं असणार.

नवा ठोकळा आला तो सागवानाचा. माझ्या कमरेइतका उंच. वरच्या कडा गोल, खाली रबर, आत वाळू भरलेली, त्यामुळे ढकलला तरी हलत नव्हता. पॉलिश केलेलं नव्हतं. ठोकळेवाल्यांनी पिशवीतून पॉलिश पेपर काढून कॉटवर ठेवला.

"घासा तुम्हीच. तुमच्या हाताला खुपायचं थांबेल तोवर."

"आणि ठेवायचं काय यावर?"

"यावर काही ठेवायचं नाही. फुलदाणी बिलदाणी दिसली तर मी उचलून परत नेईन."

मी तो कॉटवर बसून घासला. मनगट दुखायचं, मग थांबायचे. तेल लावलं. ठोकळेवाल्यांनी आयुष्यभर लोकांच्या वस्तूंसाठी ठोकळे केले. रिकामा राहायचा म्हणून केलेला माझ्या माहितीत हा एकच.

मिलिंद आला, त्याने ठोकळा बघितला. "हे काय मधेच? अडखळशील ना उलट." तो वाकून वास घेत म्हणाला, "सागवान आहे?" आणि पुन्हा ठाण्याचं सुरू केलं.

त्यानंतर ठोकळेवाल्यांचे डोळे जवळजवळ गेले. गाळा रिकामा करायचा ठरला. मी रिक्षाने गेले. कोपऱ्यात कच्च्या ठोकळ्यांची थप्पी होती, कित्येक घरांतून परत आलेले, कुणावर डाग, कुणावर मेणबत्तीचं मेण. आजूबाजूच्या बायका ते चुलीला न्यायला आल्या होत्या. मी म्हटलं, "नेऊ देताय?"

"नेऊ द्या. त्यांचं काम झालं." ते एका स्टुलावर बसले होते आणि स्टुलाच्या कडेवरून हात फिरवत होते. "इथे घासायचं राहिलंय बघा थोडं." मी हात लावला. काही राहिलं नव्हतं. मी म्हटलं, "हो, राहिलंय."

त्यांची बायको आधीच गेलेली. मुलगी त्यांना ठाण्याला घेऊन गेली. मिलिंदला हे आयतंच मिळालं. "बघ, तुझे ठोकळेवालेसुद्धा गेले ना मुलीकडे? एवढा शिकलेला माणूस, त्यांना कळतं. तुलाच कळत नाही."

मी त्याला म्हटलं, "मला त्यांच्याकडे घेऊन चल." त्याला वाटलं, मी ठाण्याचं घर बघून तयार होईन. लगेच घेऊन गेला.

मुलीचं घर मोठं, स्वच्छ. मुलगी चांगली, वडिलांना जपणारी. ठोकळेवाले हॉलमध्ये सोफ्यात बसले होते. समोरची सगळी भिंत काचेची शोकेस, आत दिवे. मुलीने सगळ्यांना पाणी दिलं. ठोकळेवाले पाणी प्यायले आणि पेला हातात धरून बसले. मुलगी आली, "द्या बाबा," म्हणाली आणि पेला काढून घेऊन गेली. त्यांचा हात तसाच राहिला, पेला धरल्यासारखा. मग त्यांनी तो मांडीवर ठेवला.

मुलगी आणि मिलिंद गॅलरीत गेले. ठोकळेवाले हळू आवाजात म्हणाले, "सुमनबाई, इथे काय काय आहे? खरं सांगा. हे लोक मला सांगत नाहीत."

मी सांगितलं. "भिंतभर शोकेस आहे. आत बारीक बारीक दिवे आहेत. बाहुल्या आहेत, काचेचे हंस आहेत. कोपऱ्यात तुमचा एक ठोकळा आहे. त्यावर प्लास्टिकची फुलं."

"कसली?"

"निळी."

ते हसले. पोट हलेपर्यंत हसले. "डोळे गेले ते एका अर्थी बरंच झालं म्हणायचं." मग म्हणाले, "तुमच्याकडच्या ठोकळ्यावर काय आहे?"

"काही नाही."

"हात?"

"हात असतो."

"मग बरोबर आहे." त्यांनी मान मागे टेकली. बोलून झालं होतं. निघताना मी "येते" म्हटलं, त्यांनी हात हलवला, पण मी दाराकडे होते आणि त्यांनी हलवला तो खिडकीकडे बघून.

ते गेल्याचा फोन मुलीनेच केला. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. तव्यावर भाकरी होती, ती उलटली. दुपारी जेवले. तेव्हाही रडू आलं नाही. संध्याकाळी दार उघडून बसले, शेजारीण म्हणाली, "गप्प का गं मावशी?" मी म्हटलं, "गाळ्याचे मालक गेले." ती म्हणाली, "अरे अरे," आणि पाण्याला गेली.

पुढच्या रविवारी मिलिंद आला. मी पिशवीतच ठेवलेला ह्यांचा फोटो त्याने शोधून काढला. म्हणाला, "आई, हा ठोकळा एवढा चांगला आहे, पप्पांचा फोटो ठेवू यावर. हार घालू." मी म्हटलं, "फोटो शोकेसवर ठेव." त्याने ठेवला. ताजमहालाच्या वर. मग कॉटवर बसला. मी पाणी दिलं. पाणी पिता पिता त्याने पुन्हा काढलंच, "आता ते काकापण गेले. आता तरी चल. तू इथे कुणाच्या भरवशावर राहणार आहेस?"

बोलता बोलता त्याने रिकामा पेला ठोकळ्याकडे नेला.

"तिथे नको," मी म्हटलं.

"अगं, ग्लासच ठेवतोय."

"तिथे काही ठेवायचं नाही."

त्याने इकडे तिकडे बघितलं. ठेवायला दुसरी जागा हाताशी नव्हती. तो पेला हातात धरून बसून राहिला. मी त्याच्याकडे बघत बसले. घाई केली नाही. मग मी ठोकळ्यावर हात टाकला, उठले, त्याच्या हातातला पेला घेतला आणि ओट्यापर्यंत चालत जाऊन विसळून पालथा घातला. तशीच चालत परत आले आणि ठोकळ्यावर हात ठेवून उभी राहिले.

मिलिंद माझ्या पायांकडे बघत होता, मग हाताकडे. जरा वेळाने त्याने विचारलं, "चहा करतेस?"

मी चहा केला. त्या दिवशी ठाण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.